60 खुर्च्यांच्या सपर क्लबमध्ये तीन रात्रींचा पर्यायी कॅबरे महोत्सव: जेवण आणि प्रयोग यांचं गणित कसं बसवायचं?

ओसरी

एका छोट्या सपर क्लबमध्ये, म्हणजे जेवण आणि रंगमंचावरचा कार्यक्रम एकत्र मिळतो अशा जागी, तीन रात्रींचा पर्यायी कॅबरे महोत्सव करायचा आहे. खुर्च्या 60. रंगमंच 3 मीटर रुंद, अडीच मीटर खोल आणि जमिनीपासून 40 सेंटिमीटर उंच. छत 3 मीटरवर. विंगा नाहीतच. रंगमंचाच्या डावीकडे एक दार आहे, ते स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात उघडतं. कलाकार तिथूनच येणार आणि वेटरही. बार मागच्या भिंतीला. क्लबचे दोन स्पीकर रंगमंचामागच्या भिंतीवर ठोकलेले आहेत आणि माइक जरा वाढवला की शिट्टी मारतो.

दर रात्री सहा सादरीकरणं आणि एक निवेदक. बर्लेस्क (एकेक कपडा उतरवत केलेलं खेळकर नृत्य), ड्रॅग (भडक वेशभूषेत दुसऱ्या लिंगाचं सोंग), राजकीय उपरोधाची गाणी, शब्दांविना विदूषकी, घरगुती वस्तूंचं बाहुलीनाट्य, जादू आणि हूप, म्हणजे मोठ्या कड्याच्या कसरती. तीन कोर्सचं जेवण तिकिटातच धरलं आहे.

मला हे विचारायचं आहे: जेवण आधी उरकावं की प्रयोगासोबत चालू ठेवावं? क्रम कसा लावावा? आवाज आणि प्रकाशाचं काय करावं? तांत्रिक तालमीला किती वेळ राखावा? शिवाय शनिवारी दोन प्रयोग लावा, असा क्लबचा आग्रह आहे. ते जमण्यासारखं आहे का?

---

तिसरी घंटा

जेवणाचा प्रश्न पहिला सोडवा, बाकीचे त्याच्या मागून येतात. अशा जागेत स्वयंपाकघर आणि रंगमंच एकाच घड्याळावर चालावे लागतात. प्रयोगाचा मिनिटवार तक्ता शेफशिवाय बनवला तर तो पहिल्याच रात्री मोडतो. दोघांनी एकत्र बसून एकच कागद करा आणि त्याच्या चार प्रती काढा: स्वयंपाकघराच्या दाराला, बारला, ध्वनी-प्रकाशाच्या टेबलावर आणि कलाकारांच्या खोलीत.

माझं मत स्पष्ट आहे: सादरीकरण चालू असताना एकही ताट हलता कामा नये. गाण्यातल्या ज्या ओळीवर हशा यायचा त्याच ओळीवर वेटर वाकून "सूप कुणाचं?" विचारतो, आणि ती ओळ मरते. कलाकाराचा त्यात काही दोष नसतो. 60 माणसांच्या खोलीत 6 माणसांचं लक्ष गेलं तरी दहावा हिस्सा खोली गेली.

साधारण असं बसतं. सातला दार उघडायचं, स्टार्टर बसताक्षणी. 7:40 ला मेन कोर्स निघायला सुरुवात, 8:00 पर्यंत शेवटचं ताट टेबलावर. 8:25 ला टेबलं रिकामी, पेयांची ऑर्डर घेऊन पोचवलेली. 8:35 ला निवेदक. पहिला भाग 40 मिनिटं, मग 25 मिनिटांचं मध्यंतर, त्यात डेझर्ट. दुसरा भाग 35 मिनिटं. सव्वादहाला दिवे.

मध्यंतर 15 मिनिटांचं ठेवायचा मोह होतो, पण एकदा हिशेब करून बघा. निम्मे लोक उठले, स्वच्छतागृहं दोन, माणशी दीड मिनिट, म्हणजे शेवटचा माणूस परतायला 22 मिनिटं. पंधराव्या मिनिटाला सुरू केलंत तर दुसऱ्या भागाचं पहिलं सादरीकरण लोकांच्या ये-जा करण्यातच जाईल.

क्रमाबद्दल. पहिलं सादरीकरण शब्दांविना, वेगवान, संगीतावरचं असावं. लोक अजून खुर्च्या सरकवत असतात, त्यांचे कान तयार नसतात, डोळे मात्र लगेच तयार होतात. तुमची विदूषकी तिथे चपखल बसेल. उपरोधाची गाणी दुसऱ्या किंवा पाचव्या जागी, कारण त्यांना शांतता लागते. सगळ्यात धाडसी, लोकांना कोड्यात टाकणारं सादरीकरण तिसरं ठेवू नका, चौथं ठेवा, म्हणजे मध्यंतरानंतर पहिलं. तोवर खोलीचा निवेदकावर विश्वास बसलेला असतो आणि मागून दोन भक्कम गोष्टी सावरायला उरलेल्या असतात. ज्यात चमकी, पिसं, पाणी किंवा क्रीम उडणार ते तिसरं किंवा सहावं. साफसफाईला मध्यंतर तरी मिळतं नाहीतर रात्र तरी संपलेली असते. एकाच जातीची दोन सादरीकरणं लागून नकोत. दोन बर्लेस्क सलग आली की प्रेक्षक नकळत तुलना करायला लागतात आणि दोन्हींचं नुकसान होतं.

निवेदकाकडे तीन मापांचा मजकूर हवा: अर्ध्या मिनिटाचा, दीड मिनिटाचा आणि चार मिनिटांचा. तक्त्यात प्रत्येक बदलापुढे यातलं कुठलं माप ते लिहा. बाहुलीनाट्याचं टेबल मांडायचं असेल तर चार मिनिटांचं, नुसता माइक स्टँड हलवायचा असेल तर अर्ध्याचं. आणि निवेदकाला दिसेल असा एक छोटा लाल दिवा मागच्या भिंतीवर लावा. दिवा विझला म्हणजे पुढचा कलाकार तयार. हातवारे करून इशारे देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

---

मुदपाक

वरच्या वेळापत्रकाशी सहमत. स्वयंपाकघराच्या बाजूने काही गोष्टी.

60 मेन कोर्स 20 मिनिटांत बाहेर काढायचे तर पदार्थ दोनच ठेवा, आणि निवड तिकीट काढतानाच विचारा. पथ्य, ॲलर्जी हेही तेव्हाच. बसल्यावर ऑर्डर घेण्यात लहान क्लबची 15-20 मिनिटं सहज जातात, आणि तुमच्या वेळापत्रकात तेवढी फटच नाही. 15-15 ताटांच्या चार खेपा करा. पहिली खेप रंगमंचाजवळच्या टेबलांना, शेवटची बारजवळच्यांना. कारण ताटं उचलायलाही तीच टेबलं आधी रिकामी व्हायला हवीत. पुढच्या टेबलावर खरकटं ताट असेल तर ते सगळ्या खोलीला दिसतं.

मेन कोर्स नुसत्या काट्याने किंवा चमच्याने खाता येईल असा निवडा. सुरी लागणारं, हाडं काढावी लागणारं, शिंपले सोलावे लागणारं नको. वेळ लागतो, आवाज होतो, आणि उरलेलं टेबलावर पसारा करतं. डेझर्ट थंडच असावं, ग्लासात किंवा वाटीत आधीच भरलेलं. पहिल्या भागातलं शेवटचं सादरीकरण सुरू झालं की ट्रे भरून बोळाच्या बाहेर उभे राहायचं, टाळ्या पडल्या की आत.

प्रयोगाच्या 40 मिनिटांत बंद ठेवायच्या गोष्टी दाराला चिकटवा: ब्लेंडर, कॉफी ग्राइंडर, भांडी धुण्याचं यंत्र, कार्डचं यंत्र टुकटुकवणं, बर्फ फावड्याने उपसणं. बारवर बर्फ आधीच बादलीत काढून ठेवायचा. एक्झॉस्ट पंखा कमी गतीवर आणता येतो, कारण त्या वेळी गॅसवर काहीच नसतं. हा पंखा मंद झाल्यावर खोली किती शांत होते ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

बोळ सामायिक आहे ही तुमची सगळ्यात मोठी अडचण. मला तरी आवाज, प्रकाश यांच्याआधी हीच दिसते. पिसांचा पंखा धरलेला कलाकार आणि सूपचा ट्रे एकमेकांसमोर आले तर दोघांचंही नुकसान. जमिनीवर टेप मारून बोळाच्या दोन पट्ट्या करा आणि नियम ठेवा: निवेदक रंगमंचावर गेला की बोळ कलाकारांचा, मध्यंतराची घोषणा झाली की वेटरांचा. दाराची बिजागरी तेल घालून ठेवा आणि झडप दोन्ही बाजूंनी उघडणारी असेल तर तिला कापडी पट्टा लावा, आपटणार नाही.

---

डेसिबल

शिट्टीचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: स्पीकर माइकच्या मागे आहेत. माइकमधून गेलेला आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा त्याच माइकच्या तोंडात शिरतो. भिंतीवरच्या स्पीकरला प्रयोगापुरती रजा द्या. 8 किंवा 10 इंची दोन स्पीकर स्टँडवर, रंगमंचाच्या पुढच्या कडेच्याही अर्धा मीटर पुढे, दोन्ही कोपऱ्यांत. हॉर्न, म्हणजे स्पीकरचं वरचे स्वर सोडणारं तोंड, 2 मीटर उंचीवर आणि थोडा खाली झुकलेला. एवढ्याने शिट्टीचा बहुतेक त्रास जातो.

त्यानंतरही समोरचं टेबल आणि बार यांत फरक राहील. 1 मीटरवर बसलेला आणि 9 मीटरवर उभा, यांच्यात मोकळ्या हवेच्या हिशेबाने 19 डेसिबलचा फरक पडतो. बंद खोलीत भिंतींमुळे तो कमी होतो, तरी राहतोच. पुढच्या लोकांचे कान न फोडता मागे शब्द पोचवायचे तर खोलीच्या मध्यावर दोन लहान स्पीकर लावा आणि त्यांना विलंब द्या. आवाज 5 मीटर जायला साधारण 15 मिलिसेकंद घेतो. त्यात 5 मिळवा आणि 20 ठेवा, म्हणजे कानाला आवाज रंगमंचाकडूनच येतोय असं वाटतं. विलंब न देता जोडलेत तर गाण्यातले शब्द चिकटतात, आणि उपरोधाच्या गाण्यात शब्द गेला तर सगळंच गेलं.

मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा ते माइकवर ठरतं. कार्डिऑइड माइक, म्हणजे शुअर एसएम58 सारखा, बरोबर मागच्या बाजूला सगळ्यात बहिरा असतो. तिथे मॉनिटर गायकाच्या थेट समोर ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर तो ठीक मागून थोडं ऐकतो, त्याचा बहिरा कोन तोंडाच्या दिशेपासून साधारण 125 अंशांवर, म्हणून मॉनिटर समोर न ठेवता तिरका ठेवायचा. माइक बदलला आणि मॉनिटर हलवला नाही, म्हणून शिट्टी आली, हे फार सर्रास होतं.

शिट्टी काढायची पद्धत: खोली रिकामी, माइक स्टँडवर, गाण्याच्या चॅनेलवर 100 हर्ट्झखालचं कापून टाकलेलं. आवाज हळूहळू वाढवा. पहिली शिट्टी आली की इक्वलायझरवर ती पट्टी, म्हणजे त्या स्वराचा टापू, शोधून 3 ते 4 डेसिबल खाली. पुन्हा वाढवा, दुसरी शोधा. तीन-चार पट्ट्यांवर थांबा. त्यापुढे कापत गेलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. घुमणारी "हूं" असेल तर 250 ते 500 हर्ट्झच्या टापूत शोधा, टोचणारी शिट्टी असेल तर 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये. माणसं भरल्यावर वरचे स्वर शोषले जातात, तेव्हा तालमीत आवाज किंचित जास्त चकचकीत वाटला तर घाबरू नका.

आणि प्रत्येक कलाकाराला सांगा: माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मूठ बसली की मागची छिद्रं बुजतात, माइक सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी सुटते. ड्रॅग कलाकार मोठ्या अंगठ्या आणि नखं घालून हे नकळत करतात. तालमीत त्यांना नखांसकट माइक धरायला लावा.

वायरलेस वापरणार असाल तर दर प्रयोगाला नवी बॅटरी, आणि एक वायरचा माइक स्टँडवर कायम चालू. हवेतला सिग्नल गेला तर निवेदक त्याच्याकडे दोन पावलांत पोचला पाहिजे.

वीज: ध्वनीचं सर्किट स्वयंपाकघरापासून वेगळं मागा. कॉफी मशीन एकटंच 3 किलोवॅटच्या आसपास खेचतं. ते आणि ॲम्प्लिफायर एका फ्यूजवर असतील तर मध्यंतरात कॉफी मागितली आणि दुसऱ्या भागाला आवाजच नाही, असं होतं. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये "टक" ऐकू येत असेल तर तेही त्याच सर्किटचं लक्षण. कीबोर्ड डीआय बॉक्समधूनच, म्हणजे त्याचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणाऱ्या छोट्या पेटीतूनच घ्या. गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, पण प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

---

झोत

3 मीटर छत आणि 40 सेंटिमीटर रंगमंच, म्हणजे उभ्या माणसाचे डोळे 2 मीटरवर आले. दिवा छताला टांगला तर त्याचं तोंड साधारण 2.8 वर. दोघांत फक्त 80 सेंटिमीटरचं अंतर. चेहऱ्यावर 45 अंशांत प्रकाश पाडायचा तर दिवा कलाकाराच्या 80 सेंटिमीटर पुढे टांगावा लागेल. कलाकार एक पाऊल पुढे आला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर उजेड. म्हणून कोन थोडा उतरवा: दीड मीटर पुढून, 27-28 अंशांत, डावीकडून एक आणि उजवीकडून एक. पुढच्या कडेवर उभं राहिलं तरी चेहरा दिसेल.

हे दोन दिवे उबदार पांढरे असू द्या, 3000 केल्विनच्या आसपास. रंग मागून आणि बाजूने. समोरून निळा किंवा हिरवा एलईडी टाकला की त्वचा निर्जीव दिसते, मेकअप कितीही चांगला असो. मागून एक दिवा खांद्यांवर पडला की माणूस काळ्या पडद्यापासून सुटून पुढे येतो. लहान रंगमंचाला खोली देण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच. एकूण आठ एलईडी पार, म्हणजे डब्याच्या आकाराचे झोताचे दिवे, पुरतात: दोन समोर, दोन बाजूंना, तीन मागे, आणि एक निवेदकाच्या जागेसाठी राखीव. डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या वायरची, साखळी लांब असेल तर शेवटच्या दिव्यात 120 ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे साखळीचं टोक बंद करणारा प्लग, लावा, नाहीतर दिवे मधूनच स्वतःहून लुकलुकतात आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

हूपचं गणित कलाकाराला आत्ताच कळवा. हात वर केलेला माणूस सव्वादोन मीटरच्या जरा खाली जातो, त्यात रंगमंचाचे 40 सेंटिमीटर, त्यात 90 सेंटिमीटरचा हूप: साडेतीन मीटरच्या घरात. छत 3 वर. रंगमंच सोडून जमिनीवर उतरला तरी हूप छताला घासतो, दिव्यांना तर नक्कीच लागतो. दोन्ही हात पसरून फिरवायला रुंदीही पुरत नाही. कंबर, गुडघे, मान यांवरचा हूपच इथे शक्य आहे, आणि समोरचं टेबल कडेपासून दीड मीटर लांब हवं. पिसांचा उंच मुकुट असेल तरी हेच मोजमाप घ्या.

बाहुलीनाट्यासाठी वस्तू 25-30 सेंटिमीटरहून लहान नको. काडेपेटीएवढी वस्तू तिसऱ्या टेबलापलीकडे दिसतच नाही. टेबलाचा पृष्ठभाग 90 सेंटिमीटरवर आणा, गडद कापड घाला, आणि बाजूने अरुंद झोताचा एक दिवा. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 1.2 मीटरवर असतो, त्यामुळे रंगमंचाच्या फळीवर मांडलेलं काहीही दुसऱ्या रांगेलासुद्धा दिसत नाही.

जादूगाराला एकच प्रश्न विचारा: बाजूने किती कोनापर्यंत बघितलेलं चालतं? रंगमंचाच्या दोन्ही कडांना टेबलं असतील तर तिथून त्याच्या हाताची मागची बाजू दिसते. त्या रात्री ती दोन टेबलं भिंतीपासून सरकवून पुढे आणावी लागतील.

टेबलावरचे दिवे 15 सेंटिमीटरहून बुटके आणि विजेरीचे. खऱ्या मेणबत्त्या नकोच. पिसं, जाळीचे हातमोजे आणि हवेत उडणारे कपडे असलेल्या प्रयोगात उघडी ज्योत ठेवायची नसते. आगीचे खेळ या छताखाली बसतच नाहीत. धुकं सोडणारं यंत्रही टाळा: छत जवळ, धूरशोधक जवळ, आणि अन्नाला वास लागतो.

पूर्ण अंधार करू नका. बाहेर जायच्या दाराचे दिवे तर कायम चालूच, पण वेटर आणि कलाकार ज्या पट्टीतून चालतात तिथेही जमिनीलगत मंद उजेड ठेवा.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. हूपवालीला मापं कळवते. अजून दोन गोष्टी. प्रेक्षक इतके जवळ आहेत की कलाकार टेबलांमध्ये उतरणारच, त्याची मर्यादा कशी आखावी? आणि शनिवारच्या दोन प्रयोगांबद्दल कुणी बोललं नाही.

---

पडद्यामागे

जवळीक हा या प्रकाराचा जीवच आहे, म्हणून तिची आखणी नीट हवी. 1881 साली पॅरिसमध्ये उघडलेल्या ल शा न्वार या कॅबरेत मालक रोदोल्फ सालिस स्वतः निवेदन करायचा आणि आलेल्या पाहुण्यांची खिल्ली उडवायचा. तिथेच आंरी रिव्हिएरने जस्ताच्या पत्र्याच्या आकृत्या कापून छायानाट्यं उभी केली. म्हणजे वस्तूंचं नाट्य या परंपरेत आगंतुक नाही, ते सुरुवातीच्या काळापासून आहे. झुरिकमध्ये फेब्रुवारी 1916 मध्ये ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स यांनी कॅबरे व्होल्तेर सुरू केलं, तेही एका खानावळीच्या मागच्या खोलीत, पहिलं महायुद्ध चालू असताना. आणि 1979 मध्ये लंडनला टोनी ॲलन, अलेक्सी सेल वगैरे विनोदकारांनी "अल्टरनेटिव्ह कॅबरे" या नावाने एकत्र येऊन वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी विनोद वर्ज्य केले. तुमच्या महोत्सवाच्या नावात "पर्यायी" आहे तर हा शेवटचा धागा कलाकारांच्या करारात उतरवा: खिल्ली सत्तेची, ताकदवानांची. समोर बसलेल्या माणसाच्या शरीराची, वर्णाची, वयाची नाही.

आता प्रत्यक्ष. लोकांना टेबलावर बसवताना एकच प्रश्न विचारायचा: "कलाकार जवळ येऊन बोलला तर चालेल का?" होकार असेल तर ग्लासखाली एका रंगाची चकती, नकार असेल तर दुसऱ्या. अंधारातही ओळखू येतील असे रंग निवडा, पांढरा आणि काळा सगळ्यात सोपे. चकत्या कुठे कुठे आहेत हे कलाकाराला मध्यंतराआधी आणि नंतर पुन्हा सांगायचं, कारण लोक मध्यंतरात जागा बदलतात. होकार दिलेल्या माणसालाही हात लावण्याआधी विचारायचं. माणसाचं ताट, ग्लास, फोन आणि पर्स यांना कलाकाराने हात लावायचा नाही. आपला ग्लास दुसऱ्याच्या हातातून परत आलेला कुणालाच नको असतो.

उलट बाजूनेही नियम लागतो. प्रेक्षकाने कलाकाराला स्पर्श करायचा नाही, परवानगीशिवाय फोटो नाहीत. हे निवेदकाने पहिल्या पाच मिनिटांत, हसत पण ठामपणे सांगायचं. फोटोंसाठी प्रयोग संपल्यावर सगळे कलाकार दोन मिनिटं रंगमंचावर उभे राहतील असं जाहीर केलंत तर फोन आपोआप खाली राहतात.

बर्लेस्कमध्ये काढलेले कपडे टेबलांवर भिरकावले जातात. ते सूपात पडू नयेत म्हणून दिशा ठरवून घ्या: रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात. आणि सादरीकरण संपल्यावर ते गोळा करायला एक माणूस हवा. बर्लेस्कच्या जगात त्याला स्टेज किटन म्हणतात. हे काम हमालाचं समजू नका. हातमोजा, पट्टा, मोती, पिन सगळं मोजून उचलायचं असतं, कारण पुढचा कलाकार अनवाणी असू शकतो. रंगमंचावर फुटलेल्या ग्लासाची एखादी कपची राहिली का ते बघायचं असेल तर टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. वरून मारलेल्या उजेडात काच दिसत नाही, आडव्या उजेडात लगेच चमकते आणि तिची लांब सावलीही पडते. बारीक चमकी मात्र पूर्ण बंद ठेवा. ती अन्नात जाते, फळीवर टाच घसरवते आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत निघत नाही. लांब कागदी फिती वापरा, त्या एका हाताने गोळा होतात.

---

तिसरी घंटा

शनिवार. पूर्ण जेवणाचे दोन प्रयोग बसत नाहीत, कारण पहिलाच सव्वातीन तासांचा आहे. पण दोन वेगळ्या घडणीचे बसतात. साडेपाचला दार, दोन कोर्स, पावणेसातला चार सादरीकरणांचा मध्यंतराशिवाय एक तास, सव्वाआठपर्यंत खोली रिकामी. मग 45 मिनिटं फक्त आवराआवर. नऊला दुसऱ्यांदा दार, टेबलावर आधीच मांडलेलं थंड ताट, पावणेदहा ते अकरा सहा सादरीकरणं. तिकिटावर दोन्हींतला फरक ठळक छापा, नाहीतर रात्रीचे लोक मेन कोर्सची वाट बघत बसतील. कलाकाराला दोन प्रयोगांचा मोबदला दोन प्रयोगांचाच द्या, आणि मधल्या वेळात बसायला खुर्ची, पाणी आणि जेवण. बोळात उभं राहून खाल्लेलं सँडविच हे जेवण नव्हे.

तांत्रिक तालीम: प्रत्येकाला 20 मिनिटं. सहा जण, म्हणजे दोन तास, निवेदकाला अर्धा तास, अधिक अर्धा तास हातचा. तीन तास. स्वयंपाकघर पेटायच्या आत संपवा, म्हणजे दुपारी एकला सुरुवात. शनिवारी साडेअकराला. पूर्ण सादरीकरण करून बघायला बसू नका. सुरुवातीची 20 सेकंदं, मधले सगळे बदल आणि शेवट, एवढंच. सगळ्यात जास्त चुका शेवटाला होतात, म्हणून शेवट दोनदा घ्या: संगीत तुटतं की विरतं, दिवा आधी जातो की टाळ्यांनंतर, कलाकार रंगमंचावरच थांबतो की निघून जातो.

दहा दिवस आधी प्रत्येकाकडून एक पानी माहिती मागवा. संगीत सुरू होतं तेव्हा कलाकार आत असतो की बाहेर, हा प्रश्न त्यात सगळ्यात वर. हा राहिला की कलाकार बोळात उभा आणि गाणं चालू, अशी अर्धी मिनिटं जातात. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा 320 केबीपीएसची एमपी3, सुरुवातीची शांतता कापलेली, नावात रात्र, क्रमांक आणि कलाकाराचं नाव: "2_04_" अशी सुरुवात. फोनवरून, इंटरनेटवरून काहीही वाजवायचं नाही. लॅपटॉप विमान मोडवर, एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होणार नाही अशी सेटिंग, आणि तेच सगळं पेनड्राइव्हवर दुसऱ्या लॅपटॉपला. सगळ्या फाइलींचा आवाज आदल्या दिवशी एका पातळीवर आणा. जुन्या ध्वनिमुद्रणाचं गाणं आणि आजचं नृत्यगीत लागोपाठ वाजलं तर फरक कानठळ्या बसवणारा असतो.

संगीताच्या परवान्याचं क्लबला लेखी विचारा. पार्श्वसंगीताचा परवाना असला तरी तिकीट लावून रंगमंचावर वाजवलेलं त्यात येतंच असं नाही. विम्याचंही तसंच: बाहेरचा कलाकार घसरून पडला तर कुणाचा विमा, हे करारात एका ओळीत लिहून घ्या.

---

मुदपाक

बिलांचं राहिलंच. जेवण तिकिटात असलं तरी पेयांचं बिल असतं, आणि ते प्रयोगानंतर काढायला घेतलं की 60 माणसं, एक कार्डयंत्र आणि दाराशी रांग. शनिवारच्या पहिल्या प्रयोगानंतर तर तुमची 45 मिनिटं यातच जातील. मध्यंतरात डेझर्टसोबतच बिल ठेवा आणि पैसे तेव्हाच घ्या. दुसऱ्या भागात काही हवं असेल तर बारवर जाऊन रोख किंवा कार्ड, जागच्या जागी. शनिवारच्या साडेपाचच्या प्रयोगाला मध्यंतर नाही, तिथे पेयं पहिल्या फेरीलाच चुकती करून घ्या.